चर्चच्या जमिनीवरची चित्रं: मादबा, नेबो आणि उम्म अर-रसास

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जॉर्डनच्या सहलीत मादबा आणि नेबो पर्वत इथल्या प्राचीन चर्चच्या मोझाइक फरशा, म्हणजे रंगीत खडे चुन्यात बसवून केलेली जमिनीवरची चित्रं, पाहायच्या आहेत. फोटोंत माणसांचे आणि प्राण्यांचे चेहरे जागोजागी विस्कटलेले दिसतात, ते आक्रमकांनी फोडले का? आणि प्रार्थनेच्या जागी शिकारी, द्राक्षांचे वेल, शहामृग असली चित्रं कशासाठी, तीही पायाखाली? जुन्या दगडी आणि चुन्याच्या कामांचं जतन हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे धर्मशास्त्रापेक्षा चुना आणि खडे यांच्यावर माझा भरवसा जास्त, आणि उत्तरही तिकडूनच येईल.

चेहऱ्यांचं आधी सांगतो, कारण ‘आक्रमकांनी फोडलं’ हे वाक्य तुम्हाला तिथे हमखास ऐकायला मिळेल. फोडलेली फरशी कशी दिसते हे ती दुरुस्त करणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं. कुदळीचा घाव बसला की खड्डा पडतो, कडेचे खडे सैल होतात, पाणी आत शिरतं आणि दोन-चार हिवाळ्यांत तो खड्डा हातभर पसरतो. मादबा भागात बहुतेक ठिकाणी तसं झालेलं नाही. तिथे आकृतीच्या कडेकडेने खडे अलगद उचकटलेत, तेवढ्याच जागेत नवा चुना भरलाय आणि पुष्कळदा तेच खडे कसेही मिसळून परत बसवलेत. चेहऱ्याच्या जागी रंगांचा नुसता काला दिसतो, पण फरशी सपाट राहिली आहे. ज्याला नासधूस करायची असते तो चुन्याचं घमेलं घेऊन परत येत नाही. हे काम ज्यांनी केलं त्यांना उद्याही त्याच फरशीवर उभं राहायचं होतं.

माइन नावाच्या गावातल्या चर्चमध्ये तर याहून गमतीचा प्रकार आहे. फरशीवरच्या लेखात साल आहे, ते आपल्या हिशेबाने 719-720 येतं. तिथे बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथातलं वचन चितारलं होतं, सिंह बैलासारखा कडबा खाईल असं. पुढे कोणीतरी बैल काढून टाकला आणि त्या जागी झाड बसवलं. पण काम पुरतं झालं नाही, किंवा पुरतं करायचंच नव्हतं: झाडाच्या आजूबाजूला बैलाचे खूर आणि शेपूट अजून दिसतात.

आता सालं जुळवून पाहा. यर्मूकची लढाई 636 ची. तिथून हा प्रदेश बायझंटाइन साम्राज्याच्या हातून गेला. पण चर्च बंद पडली नाहीत. उम्म अर-रसास, म्हणजे त्या काळचं कास्त्रोन मेफा, इथल्या सेंट स्टीफन चर्चच्या मुख्य दालनाची भव्य फरशी 718 ची आहे. उमय्यद खलिफांच्या राजवटीला तेव्हा साठ वर्षं होत आली होती. (हे साल आधी 785 असं वाचलं गेलं होतं, जुन्या माहितीपत्रकांत अजून तेच दिसतं, म्हणून गोंधळू नका.) त्या फरशीत शिकारी होते, मासे धरणारी मुलं होती, देणगीदारांची चित्रं होती. ती सगळी आज काला झालेली आहेत. त्याच चर्चमध्ये वेदीजवळच्या भागाची फरशी 756 मध्ये नव्याने घातली, ती निव्वळ भौमितिक नक्षीची आहे. तिच्यात एकही जीव नाही. म्हणजे 718 मध्ये माणसं आणि पशुपक्षी चालत होते आणि चाळीसएक वर्षांनी ते नकोसे झालेले दिसतात.

मधल्या काळात काय झालं? खलिफा दुसरा यझीद, ज्याची कारकीर्द 720 ते 724, याने सजीवांच्या प्रतिमा काढण्याचा हुकूम काढल्याचं जुन्या लिखाणांत येतं. काही अभ्यासक नुकसानाचा थेट त्याच्याशी संबंध लावतात. काही म्हणतात, हुकूम असो वा नसो, मुसलमान शेजाऱ्यांमध्ये राहणाऱ्या ख्रिस्ती समाजातच प्रतिमांबद्दल संकोच वाढला होता. कॉन्स्टँटिनोपलमधला प्रतिमाविरोधी वाद याच शतकातला खरा, पण हा मुलूख तेव्हा तिथल्या बायझंटाइन सम्राटाच्या हुकमतीत नव्हता, त्यामुळे तो धागा इथे सरळ जोडता येत नाही. माझं मत विचाराल तर हात चर्चमधल्याच माणसांचे होते. दडपण बाहेरचं असेल, मनातलं असेल, पण खडे उचलणारा माणूस घरचा होता. दुरुस्तीची जात तेच सांगते. एकाच फरशीवर शहरांची चित्रं, झाडं, भांडी यांना हात लावलेला नाही, हेही लक्षात घ्या.

मग नेबो पर्वतावरची जी प्रसिद्ध फरशी तुम्ही फोटोत पाहिलीत, तिच्यातले चेहरे इतके स्वच्छ कसे? कारण साधं आहे: ते खोडायची वेळ आली तेव्हा ती फरशी जमिनीखाली होती. बायबलमधल्या मोझेसच्या स्मृतिमंदिराला लागून असलेल्या दालनात ऑगस्ट 530 मध्ये ती घातली गेली. जवळच बाप्तिस्म्याचा हौद होता. त्याच शतकाच्या अखेरीस चर्चचा विस्तार झाला, दालनाची पातळी उंचावली, जवळजवळ मीटरभर भराव पडला आणि वर दुसरी मोझाइक फरशी आली. वरची फरशी उचलल्यावर 1976 मध्ये खालची सापडली. फ्रान्सिस्कन संघाचे पुरातत्त्वज्ञ मिकेले पिचिरिल्लो यांनी या मुलखातल्या फरशांवर आयुष्य घालवलं. ते 2008 मध्ये गेले आणि नेबोवरच त्यांना पुरलं आहे.

त्या फरशीत एकाखाली एक असे चार पट्टे आहेत. वरच्या पट्ट्यात झाडाला बांधलेल्या वशिंडाच्या बैलावर सिंह झेपावलाय आणि गुराखी त्याला थोपवतोय. त्याखाली घोडेस्वारांची शिकार. मग झाडाखाली बसलेला मेंढपाळ आणि चरणारी शेळ्यामेंढ्यांची खिल्लारं. तळाच्या पट्ट्यात एक काळ्या वर्णाचा माणूस शहामृगाला दोरीने धरून आहे, आणि दुसरा एक तरुण झेब्रा व एक ठिपक्यांचा उंटासारखा प्राणी घेऊन चाललाय. हा शेवटचा प्राणी म्हणजे जिराफ, ऐकीव वर्णनावरून काढलेला. मला तो सगळ्यांत आवडतो. लेखात सोएलोस, कायोमोस आणि एलियास अशी तीन नावं आहेत, ती कारागिरांची मानली जातात.

यातून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. पायाखाली चित्र म्हणजे विटंबना, हे आपल्याला सहज वाटतं, कारण आपण चुकून पाय लागला तरी नमस्कार करतो. त्या लोकांनाही अशी लाज होती. सम्राट दुसरा थिओडोसिअस याने 427 मध्ये कायदाच केला की ख्रिस्ताचं चिन्ह जमिनीवर कोरू किंवा चितारू नये. तो सगळीकडे काटेकोर पाळला गेला नाही, क्रॉस असलेल्या फरशा सापडतात. पण ढोबळ विभागणी मात्र पाळलेली दिसते: ख्रिस्त, मरियम आणि संत वर, भिंतींवर नाहीतर अर्धघुमटात, खाली जमीन आणि जमिनीवरचं सगळं. झाडं, पशू, नद्या, मासे, ऋतू, महिने, द्राक्षांची तोडणी, गावं आणि शहरं. फरशी म्हणजे पृथ्वी. तिच्यावर पाय ठेवण्यात कोणाचाच अपमान नव्हता.

हे मी माझ्या मनाने जोडत नाही. ग्रीसमधल्या निकोपोलिस इथे दुमेतिओस नावाच्या धर्माधिकाऱ्याने सहाव्या शतकात बांधलेल्या चर्चमध्ये फरशीवर झाडं आणि पक्षी आहेत, सभोवार पाण्याचा पट्टा आहे आणि सोबत ग्रीक पद्य आहे. त्याचा आशय असा की हा अथांग महासागर पाहा, याच्या मध्यात पृथ्वी आहे, आणि तिच्यावर श्वास घेणारं, सरपटणारं सगळं काही. लिबियातल्या कस्र लिबिया इथल्या चर्चमध्ये 539 ची 50 चौकोनांची फरशी आहे. त्यात स्वर्गातल्या चार नद्या माणसांच्या रूपात बसवल्या आहेत: गेओन, फिसोन, टायग्रिस, युफ्रेटिस. यातल्या फिसोनला पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस गंगा म्हणतो. आणि याच सहाव्या शतकात, चौकोनी पृथ्वी आणि भोवती महासागर असं जग रेखाटणारा कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी ‘कल्लियाना’ बंदरातल्या ख्रिस्ती लोकांचा आणि इराणातून नेमून येणाऱ्या त्यांच्या बिशपचा उल्लेख करतो. ते बंदर म्हणजे आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याचं जग आणि या फरशा एकाच कल्पनेतून निघालेल्या आहेत.

तरी शिकारी चर्चमध्ये कशाला, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेलाय. सिनायच्या नायलस या साधूच्या नावावर एक पत्र आहे. एका अधिकाऱ्याला चर्च बांधायचं होतं आणि त्यात शिकारीची जाळी, पळणारे ससे-हरणं, कोळ्यांचे मासे असं सगळं चितारायचं होतं. साधूने त्याला खडसावलं की हा पोरखेळ आहे. ही सूचना फारशी कोणी मनावर घेतली नाही, हे मादबाच्या फरशांवरून दिसतंच. शिकार आणि द्राक्षतोडणी ही श्रीमंत घरांच्या जेवणघरातली जुनी चित्रं. कारागिरांच्या हातात ती बसलेली होती, देणगीदारांना ती आवडत आणि पृथ्वीची समृद्धी दाखवायला ती चालून जात. प्रत्येक सशामागे गूढ अर्थ शोधणारे लेख तुम्हाला वाचायला मिळतील. मी त्यांच्यापासून चार हात दूर राहतो. नेबोजवळच्या खिर्बेत अल-मुखय्यत इथल्या संत लोट आणि प्रोकोपिअस यांच्या चर्चमधली द्राक्षं (557 ची) पाहिलीत की कळेल: तोडणारे, वाहणारे, पायांनी तुडवून रस काढणारे आणि बाजूला पावा वाजवणारा. त्या खेड्याचं उत्पन्नच ते होतं.

आता फरशीच्या पोटात शिरू. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या गच्च्यांवर चुन्याचा कोबा घालत, विटांचे तुकडे, चुना, सुरखी आणि मग दिवसेंदिवस चोपणं. मोझाइकच्या खालचा भाग त्याच जातीचा. रोमन लेखक विट्रुव्हिअस क्रम सांगतो: तळाला मुठीएवढे दगड, त्यावर खडी-चुना, त्यावर भाजक्या मातीच्या भांड्यांचा चुरा तीन भाग आणि चुना एक भाग. खेड्यातल्या चर्चना इतकं परवडत नसे. तिथे थर पातळ आणि कमी असतात, चुन्यात राख असते. सर्वांत वर बारीक चुन्याचा मऊ थर, तोही घट्ट व्हायच्या आत जेवढे खडे बसतील तेवढाच. त्यावर आधी रेघा आखून घेत.

खडे साधारण सेंटिमीटरभराचे. एका चौरस मीटरला सात-आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत लागतात, चेहऱ्यासाठी याच्या निम्म्या आकाराचे. रंग जवळपास सगळे चुनखडीचे: पांढरा, पिवळसर, गुलाबी, लाल, काळपट. निळा-हिरवा दिसला तर बहुधा काच, आणि काच जमिनीत कुजते, म्हणून पानांच्या नाहीतर पिसांच्या जागी कधी कधी नुसते रिकामे खळगे दिसतात. आधी आकृती बसते, मग तिच्या कडेला धरून पांढऱ्या खड्यांच्या दोन-तीन ओळी, आणि मग उरलेली पार्श्वभूमी. सहाव्या शतकात ही पार्श्वभूमी माशाच्या खवल्यांसारख्या कमानींत भरायची चाल होती. खरं आणि दुरुस्त केलेलं ओळखायची खूण इथेच आहे. कडेला धरून जाणाऱ्या ओळी मध्येच तुटल्या, खडे दिशाहीन झाले, की तिथे कोणाचा तरी नंतरचा हात फिरलाय. खडे एकसारखे आणि धारदार असतील तर तो हात आपल्या काळातला.

कारागिराची पत फार मोठी नव्हती. सम्राट डायोक्लेशियनने 301 मध्ये मजुरीचे कमाल दर ठरवून दिले. त्यात फरशीचं मोझाइक करणाऱ्याला जेवणाखेरीज रोज 50 दिनार, म्हणजे सुताराएवढेच. भिंतीचं मोझाइक करणाऱ्याला 60, आणि आकृती रंगवणाऱ्या चित्रकाराला 150. दर या फरशांच्या दोन-अडीचशे वर्षं आधीचे आहेत, पण पायरी कळते. तरीही काहींनी नावं सोडली आहेत. मादबाच्या प्रेषितांच्या चर्चमध्ये (578) समुद्राची मूर्ती म्हणून पाण्यातून वर येणारी एक स्त्री मध्यभागी आहे, आणि तिच्या भोवतीच्या लेखात देणगीदारांबरोबर सलामानिओस या मोझाइककाराचं नाव आहे. सेंट स्टीफनमध्ये हेशबोन गावचा मोझाइककार स्ताउराखिओस आपलं आणि सहकाऱ्याचं नाव लिहून जातो.

लेख वाचता आले नाहीत तरी ते कुठे आहेत ते बघा. पैसे बिशपचे, पाद्र्यांचे, गावकऱ्यांचे, कित्येकदा बायकांचेही. जेराश इथल्या कॉस्मस आणि डेमियन यांच्या चर्चमध्ये (533) थिओडोर आणि त्याची बायको जॉर्जिया दोघंही फरशीवर उभी आहेत. काही लेखांत नावंच नाहीत. तिथे फक्त इतकं की ‘ज्यांची नावं देवाला ठाऊक आहेत’ त्यांच्या कल्याणासाठी. सालं पुष्कळदा अरेबिया प्रांताच्या शकात असतात. तो इसवी सन 106 पासून सुरू होतो, म्हणजे आपल्या शालिवाहन शकाहून 28 वर्षांनी धाकटा.

मादबाचा नकाशा, म्हणजे जेरुसलेम आणि आसपासच्या मुलखाचा फरशीवर खड्यांनी काढलेला नकाशा, सगळेच बघतात, पण बहुतेक लोक चुकीच्या बाजूला उभे राहून. सेंट जॉर्जच्या चर्चमध्ये वेदीकडे, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. नकाशाचा वरचा भाग उत्तर नाही, पूर्व आहे, आणि अक्षरं त्याच बाजूने सरळ दिसतात. जेरुसलेम मध्यभागी, खांबांच्या दुतर्फा रांगांचा तिचा मुख्य रस्ता आडवा पडलेला. त्यात 542 मध्ये पवित्र केलेलं नेआ चर्च आहे, म्हणून नकाशा त्यानंतरचा. जॉर्डन नदीतला एक मासा मृत समुद्राच्या तोंडाशी येऊन खाऱ्या पाण्याला घाबरून मागे वळलाय, तो चुकवू नका. समुद्रातल्या दोन होड्यांवरचे नावाडी मात्र विस्कटलेत. मृत समुद्राच्या पूर्वेकडच्या मोआबच्या माळावर हरणामागे धावणारा सिंहही पुसलाय, मासे मात्र राहिले. खोडणाऱ्यांच्या डोक्यात नेमकी कोणती यादी होती, यावर मला तरी समाधानकारक उत्तर अजून कुठे मिळालेलं नाही.

नकाशाचा मोठा भाग हरवलाय आणि त्याचा दोष अर्वाचीन बांधकामाकडे जातो. करक गावाहून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी 1880 च्या सुमारास मादबा पुन्हा वसवलं आणि जुन्या चर्चच्या अवशेषांवर नवं चर्च 1896 मध्ये उभं केलं. जेरुसलेमच्या ग्रीक धर्मपीठाचे ग्रंथपाल क्लेओपास कोइकिलिदिस त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोचले, तोवर बरंच गेलं होतं. 1965 मध्ये जर्मन तज्ज्ञांनी उरलेला भाग उचलून पक्का केला.

‘पक्का’ या कल्पनेनेच पुढे घोळ घातला. विसाव्या शतकात जगभर फरशा उचलायची पद्धत होती: वरून कापड चिकटवायचं, खडे सोलून काढायचे, लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटवर परत बसवायचे. सळ्या गंजल्या की फुगतात आणि काँक्रीट तडकतं. सिमेंटमधले क्षार वर येऊन दगडाची साल काढतात. आज ती काँक्रीट सोलून काढणं हेच आमच्या धंद्यातलं अर्धं काम झालंय. आता शक्यतो फरशी जागच्या जागी ठेवतात. बोटांनी हलकेच ठोकून पोकळ आवाज कुठे येतो ते शोधायचं, तिथे पातळ चुना सोडायचा, कडा चुन्याने बांधून घ्यायच्या. मादबात 1992 पासून मोझाइकचं प्रशिक्षण देणारी शाळा आहे, तिथली मुलंमुली हेच काम शिकतात. आणि जिथे छप्पर किंवा राखण नाही तिथे फरशी वाळूखाली परत पुरायची. पर्यटकांना हे पटत नाही, पण यासारखा स्वस्त आणि खात्रीचा उपाय दुसरा नाही.

म्हणून उम्म अर-रसासला काही चर्चमध्ये वाळूच दिसली तर ती हाताने बाजूला सारू नका. आणि कोणी रंग उजळून दाखवायला फरशीवर बाटलीतलं पाणी ओतायला लागला तर नको म्हणा. ओल्या दगडाचा फोटो छान येतो, पण प्रत्येक ओतलेल्या पाण्याबरोबर क्षार विरघळून पृष्ठभागाशी येतात. दिवस आखताना सकाळी लवकर उम्म अर-रसास (मादबापासून साधारण 30 किलोमीटर), कारण तिरप्या उजेडात खोडलेले भाग उठून दिसतात. दुपारी मादबातला नकाशा, पुरातत्त्व उद्यान आणि प्रेषितांचं चर्च. संध्याकाळी नेबो, मादबाहून दहाएक किलोमीटर. मुखय्यत वाटेवरच आहे. तिथे कुलूप असलं तर किल्ली कोणाकडे आहे ते नेबोवरच विचारून निघा.